‘जेवली का?’ असं विचारणारा मुलगा

मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर असताना मी एका पोराला रोज संध्याकाळी एका पोरीची सगळी खबर फोनवरून पुरवत होते. तीही आपण होऊन, तिखटमीठ लावून, आणि वर त्याचंच कौतुक करत. पोरगी कुठं गेली, कुणाबरोबर गेली, कधी परत आली, काय जेवली. आईबापानं तिला माझ्या भरवशावर लातूरला ठेवलेलं, आणि मी राखणदारी सोडून हेर होऊन बसले होते. बिनपगारी.

कुणाला वाटेल, बाई तेव्हा कोवळी असेल. तसलं काही नाही. पन्नाशी उलटलेली. नाकावर चष्मा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि ‘मी माणूस चालीवरून ओळखते’ ही घमेंड. ती बाई आज समोर आली तर मी तिचा चष्मा काढून घेईन. नाही तरी त्यातून दिसत काहीच नव्हतं.

ज्यांना लातूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दहावीचा निकाल लागला की आजूबाजूच्या जिल्ह्यांतून पोरं-पोरी ट्रंका घेऊन लातूरला उतरतात. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं असतं, किंवा त्यांच्या बापांना त्यांना करायचं असतं. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रविवारी टेस्ट. टेस्टचे मार्क पोरीला कळायच्या आधी बापाच्या मोबाईलवर जाऊन पडतात. अशा पोरी सांभाळायच्या ती रेक्टर. संध्याकाळी पोरी मोजायच्या आणि आकडा जुळला की देवाला हात जोडायचे. मधल्या वेळेत टँकरवाल्याशी भांडायचं, आमटीत किडा निघाला तर ते जिरं आहे असं पटवायचं, आणि कुणाचा ताप खरा, कुणाचा टेस्टचा, हे ओळखायचं. टेस्टचा ताप शनिवारी चढतो अन् रविवारी दुपारी आपोआप उतरतो.

भेटीला कुणाला आत सोडायचं, याचं माझं एक गणित होतं. आमच्या भागात ते प्रत्येक बाईच्या अंगातच असतं. आतेभाऊ आला तर डोळे बारीक करायचे, कारण आत्याच्या घरी सून म्हणून जायची वाट आपल्याकडं मोकळीच असते. मामा आला तरी त्याचं वय बघून घ्यायचं. उदगीर-देगलूरकडं भाचीशी लगीन लावलेले मामा मी पाहिलेत. पण मावसभाऊ? मावसभाऊ म्हणजे सख्खाच. राखी बांधायची, पाटावर बसवायचं, विषय संपला. मावसभावाला माझ्या फाटकावर चहासुद्धा मिळायचा.

तर असा तो गौरीचा ‘मावसभाऊ’ आला.

गौरी हे तिचं खरं नाव नव्हे. तिला विचारूनच हे लिहिते आहे. तिनं एकच अट घातली, “मॅडम, तुमची फजिती नीट लिहा. माझं थोडं कमी लिहिलं तरी चालेल.” उदगीरच्या एका अडत दुकानदाराची ही लेक. बारावीला होती. हसायला लागली की मेसमधल्या ताटांना हादरा बसायचा. मी तिला म्हणायचे, “अगं, छत पडेल.” आणि त्या पोराला आपण विशाल म्हणू. त्यांच्याच गल्लीतला, कॉलेजात जाणारा, मोटारसायकलवाला. आल्या आल्या वाकून पाया पडला. “मावशी, गौरीची आई अन् माझी आई बहिणी-बहिणी.” तिच्या घरच्या सगळ्यांची नावं त्यानं घडाघडा सांगितली. मी गौरीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. जाताना तो हळूच म्हणाला, “मावशी, तुमचा नंबर देता का? तिचा फोन दिवसभर तुमच्याकडं जमा असतो. काळजी वाटते.”

मोबाईल आमच्याकडं संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला हातात मिळायचा आणि सकाळी परत जमा व्हायचा. मी नंबर दिला. आणि मग रोज फोन सुरू झाला.

“मावशी, जेवली का ती?”

“जेवली बाळा. शेंगाचटणी दोनदा मागून घेतली.”

“एकटीच बसली होती का?”

“एकटी कशाला? प्राजक्ता असती की शेजारी. दोघी रिक्षानं जातात, रिक्षानं येतात.”

“रिक्षानं? चालत न्हाई जात?”

“ऊन किती हाय लेकरा!”

“हाव, ते बी खरंय.”

फोन ठेवला की मी स्वयंपाकघरातल्या बायकांना सांगायचे, बघा, असं पोरगं पोटी यावं. खरी गोम माझ्या संसारात होती. आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात मला ‘जेवलीस का’ असं विचारलं नाही. ‘जेवायला वाढ’ म्हणाले. त्यामुळं कुणी बाईच्या जेवणाची चौकशी केली की मला तो देवमाणूस वाटायचा. पुढचा ‘कुणाबरोबर?’ माझ्या कानात शिरायचाच नाही. प्रेमळ माणूस ‘जेवली का’वर थांबतो. ‘कुणाशेजारी बसून जेवली’ हे ज्याला लागतं, त्याला जेवणाशी काही देणंघेणं नसतं. पण ही अक्कल मला नंतर आली.

गौरीत फरक पडत होता आणि तो मला दिसतही होता. पण मी त्याला चांगलं वळण समजत होते! आधी तिची रिक्षा बंद झाली, पोरगी चालत जायला लागली. मी म्हटलं, व्यायाम होतोय. मग तिनं प्राजक्ताशी बोलणं सोडलं. मी म्हटलं, अभ्यासाला लागली. जेवताना ती पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून ठेवायची, पडद्याकडं बघत एका हातानं भाकरी मोडायची. मला वाटलं, आईशी बोलत असेल. तिच्या शेजारच्या पोरी हळूहळू दुसऱ्या टेबलावर सरकल्या. त्याचंही मला काही वाटलं नाही, म्हटलं, तिकडं पंखा आहे.

वसतिगृहात वर्षं काढल्यावर आता मला एक वाक्य ऐकलं की कान टवकारायची सवय लागली आहे. ‘त्याला आवडत नाही.’ पोरीला म्हणा, गॅदरिंगला नाव दे. ‘त्याला आवडत नाही.’ म्हणा, हा पिवळा ड्रेस किती छान होता, घालत का नाहीस? ‘त्याला आवडत नाही.’ पोरगी हे लाजून सांगते तेव्हा आपणही हसतो. पण ती सांगताना हसेनाशी झाली, की समजावं, आता हे लाडाचं राहिलं नाही. गौरीनं गॅदरिंगला नाव दिलं नाही, तेव्हा हे वाक्य तिनं मला सांगितलं होतं. मी काय म्हटलं असेल? “भाऊच आहे, तुझ्या भल्याचंच सांगतोय.” घ्या!

एका संध्याकाळी मेसमध्ये वाढणाऱ्या कमलबाईच्या हातातून कढीचं पातेलं निसटलं आणि कढी सगळी माझ्या पायावर, माझ्या नव्या चपलांवर. मी नाचले. सगळ्या पोरी खिदळल्या आणि कितीतरी दिवसांनी गौरीही पोट धरून हसली. तिचा मोबाईल त्या दिवशी चार्जिंगला लावलेला होता. मला इतकं बरं वाटलं की विशालचा फोन आल्यावर मी आधी तेच सांगितलं. “आज लई हसली बघ पोरगी. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.”

“हो का,” तो म्हणाला. “कशावरून?”

दुसऱ्या दिवशी गौरीचे डोळे सुजलेले दिसले, म्हणून मी तिला मेथी निवडायला बसवलं. हा माझा धंद्यातला एकच हुनर. पोरीला ऑफिसात खुर्चीवर बसवून ‘काय झालं?’ विचारलं तर ती ‘काही नाही’ म्हणते. तिच्या हातात मेथीची जुडी द्यावी, आपणही एक घ्यावी, आणि तिच्याकडं बघू नये. देठ खुडता खुडता पोरी बोलतात. जुडी संपत आली आणि गौरी खाली बघत म्हणाली, “मॅडम, आपल्या हॉस्टेलात कॅमेरे हायत का?”

“फाटकावर आहे. का गं?”

“मेसमध्ये न्हाई?”

“मेसमध्ये कशाला?”

“मग त्याला कसं कळतं?” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “काल रात्रभर मेसेज. जेवताना एवढी काय हसत होतीस, कुणाकडं बघून हसत होतीस. सगळ्या पोरींची नावं लिहून मागितली. आधी वाटलं प्राजक्ता सांगती, म्हणून तिच्याशी बोलणं सोडलं. पण काल तर ती गावाला गेली होती. मॅडम, मी हसले हे त्याला कुणी सांगितलं?”

कुणी सांगितलं ते मला ठाऊक होतं. खोटं बोलायचा मोह झाला नाही असं नाही. कॅमेऱ्यावर ढकलून देता आलं असतं. पण मग ती सगळा जन्म कॅमेरे शोधत बसली असती.

“मी,” मी म्हटलं. “मी सांगितलं. रोज मीच सांगते. तो तुझा मावसभाऊ आहे ना?”

गौरी उठून उभी राहिली. मांडीवरची मेथी सगळी खाली. “मावसभाऊ न्हाई तो! आधी चांगला वागायचा, म्हणून मी बी मान हलवली. तुम्ही, मॅडम? मी तुमच्यामुळं प्राजक्ताशी…” आणि ती इतकी संतापली, इतकं बोलली मला, की कमलबाई झारा घेऊन धावत आली. मी ऐकून घेतलं. आणि गंमत सांगते, तिला भांडताना बघून माझा जीव थोडा भांड्यात पडला. इतके दिवस ती प्रत्येक गोष्टीला ‘सॉरी’ म्हणत होती. माझा धक्का तिला लागला तरी सॉरी तीच म्हणायची. भांडणारी पोरगी म्हणजे अजून शाबूत पोरगी.

राग ओसरल्यावर बाकीचं बाहेर आलं. मोबाईलचा पासवर्ड त्याच्याकडं होता. ‘प्रेम असेल तर दे’ म्हणाला, तिनं दिला. चिडला की दंड धरून पिरगाळायचा, मग रडायचा, मग चॉकलेट आणायचा. ती तुटक बोलली की ‘मी जीव देतो’ म्हणायचा, आणि ती पोरगी फिजिक्सचं पुस्तक उघडं ठेवून त्याचा जीव वाचवत बसायची. आणि आता त्यानं फर्मान काढलं होतं. येत्या रविवारी टेस्ट बुडवून त्याच्याबरोबर औशाला यायचं. नाही आली तर उदगीरच्या किल्ल्यातला, त्याचा हात तिच्या खांद्यावर असलेला फोटो तिच्या वडिलांच्या दुकानात जाणार.

तुमच्याकडं शहरात म्हणतील, खांद्यावर हात, एवढंच ना? आमच्याकडं एवढ्यावर पोरीची ट्रंक परत जाते. वर्षाच्या आत हळद लागते. गौरीला मार खायचं भय नव्हतं. “मॅडम, अप्पा घरी नेतील. माझी परीक्षा जाईल. त्यापेक्षा मी औशाला जाऊन येते, एकदाच,” असं ती म्हणत होती. या ‘एकदाच’ची मला जास्त भीती वाटली.

मी तिच्या आईला फोन लावला. आपल्या बायकांची एक परवलीची भाषा असते. मी म्हटलं, “ताई, गौरीला बरं नाही. बायकांचं आहे. तुम्ही एकट्याच या.” एवढं ऐकल्यावर जगातला कुठलाही नवरा पुढचा प्रश्न विचारत नाही.

महानंदाताई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आल्या. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, हातात धपाट्यांचा डबा. मी रात्रभर धडा पाठ केलेला: पोरीला मारू नका, तिची चूक नाही, शिक्षण सोडवू नका. त्यांनी मला धडा म्हणू दिला नाही. गौरी “अव्वा…” म्हणून सांगत गेली आणि बाई तिचा दंड कुरवाळत बसली. हिरवट डाग होता तिथंच. सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, “त्यो विशल्या, कोपऱ्यावरच्या सुमनचा?”

“हाव.”

“त्याच्या बारशाला मी घुगऱ्या वाटल्या,” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. “फोटो पाठवणार म्हणतो न्हवं? त्यानं पाठवायच्या आधी मीच नेऊन दाखवते हिच्या अप्पाला. त्याच्या हातात मग राहिलं काय?”

मी म्हटलं, “ताई, आणि अप्पांनी ट्रंक उचलली तर?”

“तेच भ्या हाय बघा,” त्या म्हणाल्या. “पर झाकून ठेवलं तर त्यो आज औशाला नेईल, उद्या कुठं नेईल.”

आम्ही आधी तिघी मिळून महिला पोलिसांकडं गेलो. तिथल्या बाईंनी सगळं लिहून घेतलं. पोरगी अठराच्या आतली आहे, धमकीचे मेसेज पुसू नका, जपून ठेवा, असं सांगितलं. विशालला त्याच्या आईबापासह बोलावणं गेलं. आमच्या वसतिगृहात मी पासवर्ड बदलून घेतला. गौरीनं नवा पासवर्ड टाकताना मला तोंड फिरवायला लावलं. बरोबरच होतं तिचं.

तो पोलिसांसमोर रडला म्हणे, “मी तिच्यावर प्रेम करतो” म्हणून. खोटं रडला असेल असं मला वाटत नाही. पहारा म्हणजेच प्रेम, असं त्याला खरंच वाटत होतं. पन्नाशीच्या रेक्टरला वाटत होतं, तर एकोणीस वर्षांच्या पोराला वाटणारच. त्याला समुपदेशनाला बसवलं. त्याच्या बापानं मोटारसायकल काढून घेतली, तीच मात्रा जास्त लागू पडली असेल, असं मला वाटतं.

पण ट्रंकेचं अजून ठरायचं होतं. महानंदाताई उदगीरला गेल्या आणि तिकडून फोन येईना. गौरी फाटकाकडं बघत टेस्टची तयारी करत होती. मी फाटकाकडं बघत पोरी मोजत होते आणि आकडा सारखा चुकत होता.

शनिवारी अप्पा आले. पांढरा लेंगा, टोपी, चेहऱ्यावर रेषसुद्धा हलत नव्हती. भेटीच्या खोलीत बसले. गौरी दारात उभी, आत यायला पाय उचलेना.

“ट्रंक कुठंय तुझी?” अप्पांनी विचारलं.

गौरीचे डोळे भरले. “वर हाय, अप्पा.”

“ती गळती म्हणत होतीस पावसाळ्यात. दुसरी आणलीय, रिक्षात हाय. सामान तीत भरून घे, जुनी मी नेतो.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “बाई, मी अडतीवर बसतो. दमदाटी करून माल उचलणारे लई बघितले. त्याला एकदा भ्यालं की त्यो रोज दारात. मी पोरीला घरी नेली, तर भ्यालो कोण? मीच न्हवं?” आणि गौरीला, “उद्या पेपर हाय न्हवं? मग रडायलीस काय, वाचत बस.”

मी चहा करायच्या निमित्तानं आत गेले आणि कमलबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ती म्हणाली, “बाई, साखर कुठंय ते तरी सांगा.”

त्यानंतर मी नियम केला: पोरीची खबर फक्त तिनं ज्यांची नावं आपल्या तोंडानं सांगितली त्यांनाच. आणि दर रविवारी टेस्ट संपली की सगळ्या पोरींना भाजी निवडायला बसवायचं. तिथं मी माझीच फजिती सांगायचे. लेक्चर कुणी ऐकत नाही, रेक्टरची फजिती सगळ्या ऐकतात. मग एखादी म्हणायची, “मॅडम, माझा बी असंच विचारतो,” आणि आम्ही तिच्यासाठी आणखी एक जुडी काढायचो. कधी काही नसायचं, साधा रुसवाफुगवा असायचा. कधी असायचं. मी मात्र त्या दिवसांत इतकी सावध झाले, की किनवटहून बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या एका खऱ्याखुऱ्या मावसभावाला फाटकावर उन्हात उभं करून त्याच्या आजोबांचं नाव विचारलं. तो बिचारा घाबरून चुकीचं सांगून बसला. लग्नाला गेले तेव्हा त्यानं मला पंगतीत जिलबी वाढलीच नाही.

आता मी नांदेडला लेकाकडं असते. मोजायला फक्त एक नातू आहे. अकरावीत गेलाय. परवा तोंड फुगवून बसला होता, मैत्रिणीनं सकाळपासून मेसेजला उत्तर दिलं नाही म्हणून. “आजी, ऑनलाईन दिसती, तरी बोलत न्हाई. विचारू का कुणाशी बोलायली?”

मी म्हटलं, “विचार की. मग मी बी तुला विचारते, तू कुणाशी बोलायलास, दाखव फोन.”

“आजी!”

“का रे? माझं प्रेम हाय तुझ्यावर.”

त्यानं फोन खिशात घातला आणि क्रिकेट खेळायला गेला. त्या पोरीला काय कल्पना, नांदेडात एका म्हातारीनं तिची दुपार वाचवली.

गौरीला एमबीबीएस मिळालं नाही. ती फिजिओथेरपीला लागली, तीही नांदेडातच. माझ्या गुडघ्यांवर प्रॅक्टिस करायला रविवारी येते, आणि माझे गुडघे तिला शिव्या देतात. प्राजक्ता तिच्या खोलीतच राहते. त्यांचं पुन्हा जुळायला बरेच महिने लागले, ते काही एका दिवसात झालं नाही. ते महिने मी त्यांचे घेतले, हे मला अजून लागतं. विशालनंतर गौरी कुठल्या मुलाशी धड बोलत नव्हती. वर्गात कुणी पेन मागितलं तरी पेन देऊन टाकायची आणि परत घ्यायला जायची नाही. मी कधी त्यावर बोलले नाही. नुसती भाजी पुढं सरकवायचे.

गेल्या रविवारी ती आली. माझा पाय मांडीवर घेतला, गुडघा दाबायचा सोडून तशीच बसून राहिली आणि म्हणाली, “मॅडम, वर्गातल्या एकानं विचारलं, पिक्चरला येतीस का. मी न्हाई म्हणलं. तो ‘बरं’ म्हणला अन् गेला. मी लई वेळ फोन हातात धरून बसले, आता ‘का न्हाई’ म्हणून मेसेज येईल, आता येईल म्हणून. काहीच आलं न्हाई, मॅडम. मग मी झोपले.”